हरकतदार

लग्नाची पंगत बसलेली असते. मठ्ठा फिरत असतो, जिलबी अजून दोन ताटं लांब असते, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस तुमच्या कानाशी येऊन विचारतो, "काका, मला एक सांगा. रस्त्यात मी एखाद्याच्या हातातली छत्री हिसकावून घेतली, तर त्याच्या घरी उभ्या असलेल्या स्कूटरचा मालक मी होतो का?"

हा माणूस तुम्हाला भेटलेला आहे. भेटला नसेल तर तो तुमच्या घरातच असणार. वय पस्तीस ते चाळीस, पोट किंचित सुटलेलं, नोकरीधंदा बरा, बायकोशी पटतंय, कर्जाचे हप्ते वेळेवर. दुःख म्हणून आयुष्यात एकच. २००७ साली आलेलं हॅरी पॉटरचं सातवं पुस्तक त्याला आवडलेलं नाही.

आमच्या सोसायटीतला नमुना पेशानं वकील आहे. साताऱ्याच्या कोर्टात जमिनीचे दावे चालवतो. बांध कोरला, वाटणीत डावललं, बहिणीची सही न घेता विकलं, असली प्रकरणं. त्यामुळे इतरांचं दुखणं साध्या कुरकुरीतून बाहेर पडतं, आमच्या वकिलांचं सातबाऱ्यातून. मी स्वतः ही पुस्तकं वाचलेली नाहीत. पण सकाळी अजिंक्यताऱ्याच्या चढावर हा गृहस्थ बरोबर असतो, आणि चढावर माणसाला पळून जाता येत नाही. या एका कारणानं सातव्या पुस्तकातली मला प्रकरणवार माहिती आहे.

खटला असा. एल्डर वाँड नावाची एक छडी आहे, जगातली सगळ्यात जबर. ती पूर्वी ग्रेगोरोविच नावाच्या छडी बनवणाऱ्याकडे होती. त्याच्याकडून ग्रिंडेलवाल्डनं चोरली. १९४५ साली ग्रिंडेलवाल्डला हरवून ती पुढे हॅरीचा मुख्याध्यापक झालेल्या डंबलडोरनं मिळवली. सहाव्या पुस्तकाच्या शेवटी, मनोऱ्यावर, ड्रॅको मॅल्फॉय नावाच्या पोरानं डंबलडोरच्या हातातली छडी उडवली. नुसती उडवली, घेतली नाही. ती डंबलडोरबरोबर थडग्यात गेली. पुढे सातव्या पुस्तकात हॅरीनं झटापटीत मॅल्फॉयच्या हातातली भलतीच, म्हणजे त्याची रोजच्या वापरातली छडी हिसकावली. आणि एवढ्यावर थडग्यातल्या छडीची मालकी हॅरीकडे आली! तिकडे खलनायक वोल्डेमॉर्टनं थडगं फोडून छडी काढली, ती आपल्याला पुरती वश होत नाही म्हणजे मालक स्नेप मास्तर असणार, असं समजून त्याचा जीव घेतला, आणि अखेरच्या लढाईत त्याचाच मंत्र त्याच्यावर उलटला.

"सात पुस्तकं, काका! केवढं युद्ध! आणि निकाल कशावर लागला? फेरफार नोंदीवर!" चारभिंतीच्या अलीकडे थांबून वकील कळवळतात. "बरं, नोंद तरी धड आहे का? गट नंबर वेगळे आहेत हो! गट नंबर पंधराचा ताबा घेतला म्हणून गट नंबर चाळीस नावावर होतो? उद्या मी असा दावा घेऊन गेलो तर साहेब माझी सनद जप्त करतील."

मला वाटलं होतं, त्यांचा सगळा राग लेखिकाबाईंवर असेल. तसं नाही. खरा राग वोल्डेमॉर्टवर आहे. एवढा मोठा जादूगार, सैन्य पदरी, आणि छडी घेण्यापूर्वी सर्च रिपोर्ट घेतला नाही. "तीस वर्षांचा सर्च घ्यायचा. पेपरात जाहीर नोटीस द्यायची, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावी. मॅल्फॉयचा बाप धावत आला असता. तो स्नेप बिचारा, ना घेण्यात ना देण्यात, फुकट गेला. माणूस मारण्यापूर्वी किमान सातबारा तरी बघावा!"

हे चढावरच राहिलं असतं तर मी काही बोललो नसतो. पण सातबारा घरोघरी फिरू लागला. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगचा विषय निघाला. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले की मी आठ वर्षं तिथेच गाडी लावतोय. वकील उठून म्हणाले, "ताबा वेगळा, मालकी वेगळी. वोल्डेमॉर्टलाही हेच समजलं नाही." आमचे सेक्रेटरी सत्तरीचे, कानानं जरा कमी, पण इतिवृत्त लिहिण्यात कडक. पुढच्या महिन्यात नोटीस बोर्डावर इतिवृत्त लागलं. त्यात विषय क्रमांक सहा होता, 'श्री. वोल्डेमॉर्ट यांच्या पार्किंगची तक्रार पुढील सभेत घेण्याचे ठरले.'

घरी तर रोजच सुनावणी. टीव्हीचा रिमोट चार वर्षांच्या लेकीच्या हातात. वकील तिला समजावतात, "हातात आहे म्हणजे तुझा नव्हे, बाळा. मघाशी आईनं तुझ्या हातातून एसीचा रिमोट घेतला ना? मग टीव्हीचाही आता आईचाच." वहिनी हुशार. आता त्या मालिकेच्या वेळेआधी सगळ्यांसमोर एसीचा रिमोट हिसकावून घेतात आणि निमूटपणे टीव्हीसमोर बसतात. पुस्तकातल्या त्या कायद्याचा प्रत्यक्ष फायदा झालेली त्या घरात तेवढी एकच व्यक्ती.

छडीखेरीज बाकीच्या हरकतीही आहेत. हॅरी, रॉन आणि हर्मायनी महिनोन्‌महिने तंबू टाकत रानोमाळ हिंडतात, प्रकरणामागून प्रकरण जातं आणि घडत काही नाही. "नुसती तारीख पे तारीख," असं वकील म्हणतात. दिवाणी वकिलानं असं म्हणावं याला धाडस लागतं. लुपिन आणि टाँक्स हे नवराबायको शेवटच्या लढाईत मरतात, पण मरताना दाखवलेलेच नाहीत. एकदम दालनात मृतदेह. "पंचनामा कुठाय?" आणि सगळ्यात मोठी हरकत उपसंहारावर. एकोणीस वर्षांनंतर, म्हणजे २०१७ सालच्या १ सप्टेंबरला, सगळे संसारी होऊन पोरांना शाळेच्या गाडीत बसवायला स्टेशनवर येतात. "स्थळ बघायला गेलं तर पहिला प्रश्न काय असतो, काका? मुलगा काय करतो! जग वाचवलेला मुलगा एकोणीस वर्षांनी काय करतो, हे अख्ख्या उपसंहारात नाही. मॅल्फॉयचे केस मागे हटलेत, हे मात्र आहे. आणि पोराचं नाव काय ठेवलंय? ज्या मास्तरनं वर्षानुवर्षं वर्गात छळलं, त्याचं!"

त्यांची ती प्रत मी पाहिलेली आहे. शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं खाकी कव्हर, वर स्केचपेननं फक्त '७'. पानांच्या कडांना कोर्टाच्या फायलीतले हिरवे टॅग लोंबत असतात, खुणेसाठी. छडीचा निकाल लागतो त्या छत्तिसाव्या प्रकरणाच्या समासात शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात 'हरकत', 'पुरावा?', 'साक्षीदार कोण?', आणि एके ठिकाणी नुसतं 'अहो बाई!'. आणि उपसंहाराची पानं चार बाजूंनी स्टेपल करून बंद. हा मजकूर कामकाजातून वगळला आहे, असं ते सांगतात.

लेखिकाबाईंनी नंतर गप्प बसावं, तर तेही नाही. पुस्तक आल्यावर तीन महिन्यांत त्यांनी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये डंबलडोर समलिंगी असल्याचं सांगितलं. २०१४ साली एका मुलाखतीत रॉन आणि हर्मायनीची जोडी जुळवली ती आपल्या हौसेखातर, असा सूर लावला. डंबलडोरनं कुणावर प्रेम करावं याच्याशी वकिलांचं काही भांडण नाही. त्यांचं भांडण पद्धतीशी. "दस्त एकदा नोंदवला की त्यात नसलेलं नंतर तोंडी सांगता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ९२. बाईंनी ते दस्तात घालायचं होतं. तोंडी पुरावा मी वाचत नाही."

मग २०१६ आलं. बाई, एक नाटककार आणि एक दिग्दर्शक अशा तिघांच्या गोष्टीवरून पुढच्या पिढीचं नाटक लंडनच्या रंगभूमीवर आलं आणि ३१ जुलैला त्याची संहिता पुस्तकरूपानं निघाली. वकिलांना वाटलं, हा चूक दुरुस्ती लेख असणार. एका रात्रीत वाचून काढला. सकाळी चढावर बराच वेळ बोलले नाहीत. मंगळाईच्या देवळापाशी म्हणाले, "चूक दुरुस्ती लेखात मूळ दस्तापेक्षा जास्त चुका असलेलं मी पहिल्यांदाच बघतोय." पण त्यातली एक गोष्ट त्यांना मनापासून पटली होती. त्या नाटकात वोल्डेमॉर्टला एक मुलगी असल्याचं निघतं. सगळ्या जगानं डोक्याला हात लावला. वकील मात्र म्हणाले, "हे खरं वाटतं. माणूस गेल्यावर वीस वर्षांनी अचानक वारस उभा राहतो. आमच्याकडे महिन्याला एक तरी येतो."

ही जात एकटीदुकटी नाही, हे मला त्यांच्या ऑफिसात कळलं. त्यांच्याकडे ज्युनियर म्हणून एक मुलगी आहे, वयानं बरीच लहान, पण दुखणं तेच, पुस्तक निराळं. तिचं 'ॲलिजियंट', २०१३ सालचं. तीन पुस्तकं जिच्या डोळ्यांनी जग पाहिलं ती ट्रिसच शेवटी मरते. ती मुलगी अजून त्या लेखिकेचं नाव घेत नाही. तिची मैत्रीण 'मॉकिंगजे'वर नाराज, कारण जिला वाचवण्यासाठी कॅटनिस मालिकेच्या पहिल्या पुस्तकात पुढे झाली ती धाकटी बहीणच शेवटी जाते. तिसरी 'ब्रेकिंग डॉन'ची. तिथे दोन्हीकडची पलटण बर्फात समोरासमोर उभी राहते, बोलाचाली होते आणि सगळे आपापल्या घरी जातात. "लोकअदालत," वकील म्हणाले. "तडजोड झाली. कोर्ट फी परत मिळते." बाकी दोघींनाही त्यांनी फार सहानुभूती दाखवली नाही. तुमच्याकडे माणूस मेला म्हणजे निदान निकाल तरी लागला, आमच्याकडे नोंदच चुकीची, असं त्यांचं म्हणणं. दुःखातही वरिष्ठ-कनिष्ठ असतं.

त्याच ऑफिसात एका संध्याकाळी मी चिडून म्हटलं, "अहो वकील, पुस्तक त्यांचं, शेवट त्यांचा. तुम्हाला हरकत घ्यायचा अधिकार काय?"

या प्रश्नाची ते कित्येक वर्षं वाट पाहत असावेत. चष्मा पुसून सुरुवात झाली. पूर्वनिर्णय आहे, म्हणाले. कॉनन डॉयलनं १८९३ साली शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकलला. वाचकांनी एवढी बोंब मारली की १९०३ साली त्याला जिवंत करून परत आणावं लागलं. म्हणजे अपील चालतं. दुसरा मुद्दा मुदतीचा. पहिलं पुस्तक आलं २६ जून १९९७ला, सातवं २१ जुलै २००७ला. दहा वर्षं आणि पंचवीस दिवस. दुसऱ्याच्या मिळकतीत बारा वर्षं उघडपणे, सलग ताबा ठेवला की मूळ मालकाचा हक्क संपतो. "बाईंनी सातवं पुस्तक आणखी दोन वर्षं रखडवलं असतं, तर हॅरी पॉटर कायद्यानं आमचा झाला असता. बाईंना कुणीतरी सल्ला दिला असणार."

"सर, पण पैसे देऊन, परवानगीनं घेतलेला ताबा प्रतिकूल ठरत नाही," ज्युनियर फाइलीतून मान वर न करता म्हणाली.

वकिलांनी तिला चहा सांगायला पाठवलं.

ती गेल्यावर त्यांनी कपाटातून एक दोनशे पानी वही काढली. सहावं पुस्तक जुलै २००५मध्ये आलं आणि सातव्याला दोन वर्षं लागली. त्या दोन वर्षांची ही वही. तेव्हा ते अकरावी-बारावीत होते. सहाव्या पुस्तकात चिठ्ठीखाली आर. ए. बी. अशी सही आहे, तो कोण? पान तिसरं, 'सिरियसचा भाऊ रेग्युलस.' स्नेप नक्की कुणाच्या बाजूचा? पान अकरावं, 'डंबलडोरच्याच.' हॅरीला मरावं लागणार का? पान चाळिसावं, लाल शाईनं, 'वोल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा हॅरीतच आहे. म्हणून हो.'

हे सगळं पुढे तसंच निघालं, एवढं मलाही चढावरून माहीत होतं. मी चक्रावलो. "म्हणजे तुमचे अंदाज बरोबर आले! मग रडता कशाला?"

"बरोबर आले म्हणूनच," वकील म्हणाले. "दावा जिंकला की पक्षकार पेढे घेऊन घरी जातो, काका. वकिलाला फाइल बंद करावी लागते."

सातवं पुस्तक यायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, रात्रीची एसटी पकडून ते पुण्याला गेले होते. शनिवारी दुकान उघडायच्या आत रांगेत. पुस्तक स्वारगेटच्या फलाटावरच उघडलं, रविवारी संध्याकाळी संपवलं. अमेरिकेत आणि इंग्लंडात मिळून पहिल्या चोवीस तासांत त्या पुस्तकाच्या एक कोटीच्या वर प्रती गेल्या, पण साताऱ्यात त्यांच्या वर्गात ते वाचलेलं दुसरं कोणी नव्हतं. बोलायचं कुणाशी? वहीत लिहायलाही काही उरलं नव्हतं. पुढची पानं कोरी राहिली. त्यांवर मध्यंतरी वहिनींनी दुधाचा हिशोब लिहिला होता.

एवढ्यानं मी काही विरघळलो नाही. दुसऱ्या दिवशी चढावर छत्री आणि स्कूटर पुन्हा होतीच. पण मग बी विंगमधल्या नववीतल्या पोराचं प्रकरण घडलं. ते वकिलांकडून एकेक पुस्तक नेत होतं. दर वेळी वकील त्याच्याकडून पोच लिहून घेत. सातवं द्यायला त्यांनी बरीच टाळाटाळ केली, शेवटी दिलं. पोरगं आठवड्यानं परत आलं, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. वकिलांनी आधी शेवटची पानं तपासली.

"पिना नव्या आहेत."

"काढून वाचलं, काका. परत मारल्या. जुन्याच भोकांत."

"आणि? कसं वाटलं?"

पोरगं खांदे उडवून म्हणालं, "शेवट फालतू आहे. छडी हॅरीची कशी होईल? त्यानं दुसरीच घेतली होती."

मी वकिलांकडे पाहिलं. इतक्या वर्षांनी साक्षीदार मिळाला होता, आता मिठी मारतील असं वाटलं. वकिलांचे कान लाल झाले. "फालतू? प्रकरण चोवीस नीट वाचलंस का? छडी बनवणाऱ्या ऑलिव्हँडरची साक्ष आहे तिथे. छडी जिंकणाऱ्याकडे जाते, हे निकालाच्या बारा प्रकरणं आधी रेकॉर्डवर आलेलं आहे! तज्ज्ञ साक्षीदार आहे तो, पिढीजात धंदा! आणि गट नंबरचं म्हणशील, तर निष्ठा माणसाशी जोडलेली असते, वस्तूशी नव्हे. माणूस हरला की त्याचं सगळं..." दीड तास. पाठकोऱ्या कागदावर ग्रेगोरोविचपासून हॅरीपर्यंत फेरफारांची रांग काढली, क्रमांक टाकले, तारखा टाकल्या. पोरगं एकेक हरकत काढत होतं, वकील एकेक फेटाळत होते. बाईंना जगात याहून चांगला वकील मिळाला नसता, तोही बिनफीचा. वहिनी दारातून दोनदा डोकावल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना हे आधीपासून माहीत होतं.

मी तोवर प्रत चाळत होतो. समासात सगळीकडे पेन्सिल. फक्त चौतिसावं प्रकरण स्वच्छ. मी विचारलं तेव्हा पोरगंच म्हणालं, त्यात हॅरी आपण होऊन मरायला रानात जातो, छडी न उगारता. तिथे एकही हरकत नव्हती. पानं मात्र कडांना मऊ पडली होती, पुन्हा पुन्हा उलटून जुन्या नोटा पडतात तशी.

वकिलांचे पणजोबा दुसऱ्याच्या जमिनीत कूळ होते. १ एप्रिल १९५७चा कृषक दिन त्या घरात सणासारखा सांगतात. त्या तारखेला कायद्यानं कसणाऱ्याला मालक मानलं आणि कसेल त्याची जमीन हे नुसत्या घोषणेपुरतं राहिलं नाही. असल्या घरातला पोरगा एखादं पुस्तक दोन वर्षं नांगरतो, खुरपतो, पीक काय येणार ते आधी ओळखतो, आणि मग कुणीतरी येऊन सांगतं की खळं झालं, आता निघा. त्यानं हरकत घ्यायची नाही तर कुणी घ्यायची?

तेव्हा माझा निकाल पुढीलप्रमाणे. हॅरी पॉटरच्या सातबाऱ्यावर भोगवटादार म्हणून बाईंचं नाव कायम. शेवट जो लिहिला आहे तो कायम. हरकतदाराची हरकत फेटाळण्यात येते. मात्र 'इतर अधिकार' या रकान्यात कूळ म्हणून त्याचं नाव लावण्यात यावं. खर्च ज्याचा त्यानं सोसावा, आणि पंगतीत जिलबी ताटात पडेपर्यंत हरकतदारानं तोंड उघडू नये.